हिवाळ्यात एकट्याने गाडी चालवत म्युनिकहून प्रागला: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात प्रागमध्ये सूर्य सकाळी आठला उगवतो आणि दुपारी चारला मावळतो. हे आधी डोक्यात पक्कं बसवा, कारण या प्रवासाचं सगळं गणित या आठ तासांवर चालतं. म्युनिक ते प्राग अंतर साधारण 380 किलोमीटर. उन्हाळ्यात चार तासांत माणूस आरामात पोहोचतो. हिवाळ्यात मी सहा तास धरतो, दुपारी तीनला पोहोचायचं ठरवतो आणि तिथून उलटं मोजत निघायची वेळ काढतो. अंधार, बर्फ, अनोळखी शहर आणि थकवा या चार गोष्टी एकाच वेळी समोर आल्या तर शेजारच्या सीटवर नकाशा बघायला कुणी नसतं. एकट्याने जाताना खरी अडचण होते ती इथेच.

जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला आलेली आपली मुलंमुली नोव्हेंबर लागला की हमखास विचारतात, "दादा, प्रागला गाडीने जाऊ का?" जा. जरूर जा. फक्त खाली सांगतो त्या क्रमाने तयारी करा.

कधी जायचं

नाताळचा बाजार बघायचा असेल तर नोव्हेंबरच्या अखेरीपासून 6 जानेवारीपर्यंत ओल्ड टाउन चौकात तो भरतो. गर्दी मात्र प्रचंड, हॉटेलं महाग. चेक कायद्याप्रमाणे 24 डिसेंबरला दुपारी बारानंतर आणि 25, 26 डिसेंबरला व 1 जानेवारीला दिवसभर मोठी दुकानं बंद असतात, हेही लक्षात असू द्या. पहिल्यांदा एकटे जाणार असाल तर माझं मत स्पष्ट आहे: फेब्रुवारीचा मध्य निवडा. तेव्हा सव्वापाचपर्यंत उजेड असतो, शहर निवांत असतं आणि चार्ल्स ब्रिजवर खांद्याला खांदा न घासता चालता येतं.

वार शक्यतो रविवार. जर्मनीत रविवारी रात्री दहापर्यंत अवजड ट्रकना बंदी असते. सरहद्दीकडे जाणाऱ्या ए-6 महामार्गावर एरवी पूर्व युरोपातल्या ट्रकांची अखंड रांग असते, आणि ओल्या रस्त्यावर ट्रकमागून चालणं हे काय प्रकरण आहे ते पुढे येईलच.

परवाना आणि गाडी

भारतातून थेट फिरायला येणार असाल तर निघण्यापूर्वी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. 'सारथी' पोर्टलवर अर्ज करता येतो, तो वर्षभर चालतो, आणि मूळ भारतीय परवाना सोबत लागतोच. जर्मनीत राहायला आलेल्यांसाठी नियम वेगळा: वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिनेच भारतीय परवाना चालतो. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा देऊन जर्मन परवाना घ्यावा लागतो. सातव्या महिन्यात जुन्या परवान्यावर गाडी चालवणं म्हणजे परवान्याशिवाय चालवणं. "कोण विचारतंय" असं इथे चालत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी हेच विचारते.

भाड्याची गाडी घेताना, चेक प्रजासत्ताकात नेणार आहे हे बुकिंगच्या वेळीच सांगा आणि तशी परवानगी लेखी घ्या. काही कंपन्या महागड्या गाड्या तिकडे नेऊ देत नाहीत. ऑटोमॅटिक गिअरची गाडी घ्या. स्टिअरिंग डावीकडे आणि रस्त्याची बाजू उजवी, एवढा बदल पहिल्या दिवशी पुरेसा आहे. त्यात आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला असते, इथे ती डाव्या हाताला. वळायच्या वेळी वायपर सुरू होतो. म्हणून गाडी मिळाल्यावर पार्किंगमध्येच दहा मिनिटं बसून दिवे, वायपर, मागच्या काचेचा हीटर आणि मागचा फॉग लॅम्प हाताने शोधून ठेवा.

हिवाळ्यातली आणखी एक गोष्ट: गाडीवर चिखल आणि मिठाचा थर असतो आणि त्याखाली ओरखडे लपतात. ओल्या फडक्याने दारं आणि बंपर पुसा, मगच चारही बाजूंचे फोटो काढा.

टायर

हा भाग घाईने वाचू नका. जर्मनीत हिवाळी टायरची सक्ती तारखेवर नाही, रस्त्याच्या स्थितीवर आहे: बर्फ, गोठलेला चिखल किंवा निसरडा थर असेल तर हिवाळी टायर हवेतच. नसतील तर 60 युरो दंड आणि परवान्यावर एक दंडाचा गुण. टायरच्या बाजूला डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असायला हवं. नुसती 'एम प्लस एस' ही अक्षरं असलेले टायर ऑक्टोबर 2024 पासून हिवाळी म्हणून धरले जात नाहीत.

चेकचा नियम वेगळा. तिथे 1 नोव्हेंबर ते 31 मार्च या काळात रस्त्यावर बर्फ असेल किंवा तापमान 4 अंशांखाली जाऊन तो होण्याची शक्यता असेल, तर हिवाळी टायर लागतात, आणि टायरच्या खाचांची खोली किमान 4 मिलिमीटर हवी. जर्मन कायद्याला 1.6 मिलिमीटर चालतं. म्हणजे म्युनिकमध्ये कायद्यात बसणारी गाडी सरहद्द ओलांडताच कायद्याबाहेर जाऊ शकते. खाच मोजायला साधी पट्टी पुरते. भाड्याची गाडी असली तरी मी काउंटरवरून बाहेर आलो की आधी वाकून चारही टायर बघतो.

गाडीत इशाऱ्याचा त्रिकोण, प्रथमोपचार पेटी आणि चमकणारं जाकीट आहे का तेही तपासा. जाकीट डिकीत ठेवू नका, सीटजवळ ठेवा. रस्त्यावर उतरायची वेळ आली तर ते अंगात घालूनच उतरायचं असतं.

विन्येट, म्हणजे महामार्गाचा पास

जर्मनीत कारला टोल नाही. चेक महामार्गांना आहे, पण टोलनाके नाहीत. 2021 पासून काचेवरचा स्टिकरही गेला. आता ऑनलाइन पास काढायचा, तो गाडीच्या नंबराशी जोडला जातो आणि रस्त्यावरचे कॅमेरे नंबर वाचतात. एक दिवस, दहा दिवस, तीस दिवस आणि वर्ष असे प्रकार आहेत. दोन-तीन दिवसांच्या सहलीला दहा दिवसांचा घ्या.

पास चेक सरकारच्या 'ई-दाल्नित्से' या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. शोध घेतला की तसेच दिसणारे मध्यस्थ वर येतात आणि त्याच पासाचे जास्त पैसे घेतात. भाड्याच्या गाडीचा नंबर किल्ली हातात येईपर्यंत कळत नाही, त्यामुळे हे काम किल्ली मिळाल्यावर, गाडीसमोर उभं राहून करायचं. नंबर पाटीवरून अक्षर अक्षर वाचत भरा, नोंदणीचा देश जर्मनी निवडा आणि पैसे भरण्याआधी पुन्हा एकदा मोठ्याने वाचा. एक अक्षर चुकलं तर कॅमेऱ्याच्या लेखी तुमच्याकडे पास नाही.

निघायची सकाळ

आदल्या रात्री टाकी भरा. पुढे रस्ताभर ती अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. बर्फात वाहतूक तासन्‌तास अडकली तर गाडीतली ऊब इंधनावरच टिकते. चेक पंपावर 'नाफ्ता' म्हणजे डिझेल, हे पक्कं लक्षात ठेवा. पेट्रोलसाठी 'नॅचरल 95' लिहिलेलं बघा.

सकाळी काच खरवडायला दहा मिनिटं लागतात. सगळ्या काचा, दिवे, नंबरपाट्या मोकळ्या करा आणि टपावरचं बर्फही झाडून काढा. समोर खिडकीएवढी जागा खरवडून निघालात तर दंड होतो, आणि ब्रेक मारल्यावर टपावरचा थर सरकून काचेवर येतो, तो धोका निराळाच. इंजिन सुरू ठेवून गाडी उभ्या उभ्या गरम करायला जर्मनीत मनाई आहे. आधी खरवडा, मग सुरू करा आणि लगेच निघा.

जाड जाकीट काढून गाडी चालवा, नाहीतर पट्टा अंगाला घट्ट बसत नाही. मागच्या सीटवर घोंगडी, हातमोजे, टॉर्च, फोनची बॅटरी. थर्मासमध्ये चहा. डब्यात मी दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या नेतो. गार झाल्या तरी खाता येतात आणि हाताला तेल फारसं लागत नाही.

घरच्यांना लाइव्ह लोकेशन पाठवा. भारत हिवाळ्यात साडेचार तास पुढे असतो. तुम्ही दुपारी तीनला पोहोचता तेव्हा तिकडे साडेसात वाजलेले असतात, आई फोनजवळच असते. आणखी उशीर केलात तर तिची झोप गेलीच म्हणून समजा. जर्मन सिमकार्ड चेकमध्येही जादा पैसे न घेता चालतं.

रस्त्यावर

म्युनिकहून ए-9 ने उत्तरेला, मग ए-93 धरून रेगेन्सबुर्ग आणि वाइडनच्या दिशेने, पुढे ए-6 वर वाइडहाउसची सरहद्द, आणि तिथून चेकचा डी-5 प्ल्झेनवरून थेट प्रागपर्यंत. रस्ता सोपा आहे. रेगेन्सबुर्गपर्यंत फारसं काही नाही. त्यापुढे ओबरफाल्झचे डोंगर सुरू होतात आणि हवा बदलते. म्युनिकमध्ये नुसता पाऊस असेल तरी इथे बर्फ असू शकतं.

डॅशबोर्डवरचा बाहेरच्या तापमानाचा आकडा बघत राहा. तो चाराच्या खाली आला की बऱ्याच गाड्या टुण्ण असा आवाज करतात. त्या आवाजाला किंमत द्या. पूल सगळ्यात आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही गार वारा लागतो. रस्ता नुसता ओला दिसतो, पण वर न दिसणारा बर्फाचा पातळ थर असतो. पुलावर ब्रेक नको, लेन बदलणं नको, पाय हलकेच वर घ्या आणि सरळ जा. तरीही गाडी घसरली तर जायचं आहे त्या दिशेला बघा आणि स्टिअरिंग हळूच तिकडे न्या. ब्रेक मारावाच लागला तर पूर्ण दाबा आणि दाबून ठेवा. पायाखाली पेडल थरथरतं, ते बिघडलेलं नसतं, एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची व्यवस्था) काम करत असतं.

धुक्यात किंवा बर्फात किती दिसतंय हे कसं ठरवायचं? जर्मन महामार्गाच्या कडेला पांढरे खुंट असतात, दोन खुंटांमध्ये 50 मीटर. पुढचा खुंट दिसेनासा झाला म्हणजे नजर 50 मीटरच्या आत आली. तेव्हा वेग जास्तीत जास्त 50, आणि तेव्हाच मागचा फॉग लॅम्प लावायचा. त्यापेक्षा बरं दिसत असताना तो लावला तर मागच्याचे डोळे दिपतात, म्हणून तो नियमातच बसत नाही.

आता ट्रकचं. पहिल्या वर्षी मी जानेवारीत, भर आठवड्यात निघालो होतो. ए-6 ला लागल्यावर ट्रकमागे आलो तेव्हा त्याच्या चाकांमधून मीठ, पाणी आणि चिखलाची फवार थेट काचेवर यायला लागली. वायपर फिरवला तर काचेवर दुधासारखा पांढरा थर पसरला. काच धुवायला दांडी ओढली. काहीच नाही. भाड्याच्या गाडीच्या टाकीत उन्हाळ्याचं पाणी होतं आणि ते गोठलं होतं. समोर फक्त ट्रकचे दोन लाल ठिपके दिसत होते. इंडिकेटर देऊन, वेग कमी करत, उजव्या कडेच्या रेषेच्या आधाराने मी पुढच्या पार्किंगपर्यंत पोहोचलो आणि थर्मासमधलं कोमट पाणी आणि फडकं घेऊन काच पुसली. त्या दिवसापासून उणे 20 अंशांपर्यंत न गोठणारं काचेचं पाणी मी किल्ली घेतल्यावर स्वतः टाकीत ओततो आणि निघण्यापूर्वी एकदा फवारा मारून बघतो. पंपावर मोठा कॅन मिळतो. सबंध लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

वाहतूक तुंबली तर थांबण्याआधीच बाजूला व्हायचं: सगळ्यात डावी लेन डावीकडे, बाकीच्या उजवीकडे, मधली वाट रुग्णवाहिकेला. जर्मनीत ही वाट न सोडणाऱ्याला 200 युरो दंड, दंडाचे दोन गुण आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी. चेकमध्येही हाच नियम आहे.

सरहद्दीनंतर तीन बदल. महामार्गावर वेगमर्यादा 130, आणि ती खरोखरची मर्यादा आहे. समोरचे दिवे दिवसाही लावलेले हवेत, बाराही महिने. आणि दारूचं प्रमाण शून्य. अर्धा ग्लासही नाही, आदल्या रात्रीचं उरलेलंही नाही. ज्या प्ल्झेनवरून तुम्ही जाता तिथेच 1842 मध्ये पिल्सनर बिअर जन्मली, पण तुमच्यासाठी ती गाडी कायमची उभी केल्यावर.

प्ल्झेनचं आपल्याशी दुसरं नातं आहे. स्कोडा हे नाव मूळ या गावच्या कारखान्याचं. म्लादा बोलेस्लावची लॉरिन आणि क्लेमेंट ही मोटार कंपनी 1925 मध्ये त्यात सामील झाली आणि गाड्यांना ते नाव लागलं. चाकण आणि शेंद्र्याच्या कारखान्यांच्या दारावर दिसणारं नाव इथून आलं. मी दर वेळी इथे थांबून चहा घेतो. सरहद्दीपासून इथवर आलात की अवघड टप्पा मागे पडलेला असतो.

प्रागच्या वेशीवर

गाडी शहरात नेऊ नका. हे माझं आग्रहाचं सांगणं आहे. मध्यभागी निळ्या पट्ट्यांची जागा रहिवाशांची, केशरी आणि जांभळ्या पट्ट्यांचे नियम वेगळे, गल्ल्या एकेरी, आणि ट्रामचा मान सगळ्यांच्या आधी. थांब्यावर फलाट नसेल तर ट्राममधून माणसं थेट रस्त्यावर उतरतात आणि तुम्हाला मागे थांबावं लागतं. संध्याकाळी, ओल्या फरसबंदीवर, पहिल्यांदा आलेल्या एकट्या माणसाने हे का करावं?

डी-5 तुम्हाला थेट झ्लिचिन भागात आणून सोडतो. तिथे मेट्रोच्या पिवळ्या बी मार्गाचं शेवटचं स्टेशन आहे आणि त्याला लागून गाडी ठेवून मेट्रोने जाणाऱ्यांसाठी वाहनतळ आहे. दिवसभरासाठी तो उत्तम. रात्री मुक्काम असेल तर याच बाजूला, मेट्रोपासून चालत जाता येईल असं आणि स्वतःचं पार्किंग असलेलं हॉटेल बघा. बुकिंग करण्याआधी पार्किंग राखून ठेवता येतं का, हे फोन करून विचारा. मध्यभागातल्या मूस्तेक स्टेशनपर्यंत अर्ध्या तासाच्या आत पोहोचता, आणि तिथून ओल्ड टाउन चौक पायी काही मिनिटांवर.

मेट्रोचं कागदी तिकीट घेतलं की फलाटावर जाण्याआधी पिवळ्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवा. शिक्का नसेल तर ते तिकीट नाही, आणि तपासनीस पर्यटक म्हणून सोडत नाहीत.

शहरात

हिवाळ्याने एक गोष्ट भरभरून दिली आहे: सूर्योदय बघायला पहाटे चारला उठावं लागत नाही. डिसेंबरात साडेसातला चार्ल्स ब्रिजवर पोहोचलात तरी पुरेसं आहे. चौथ्या कार्ल (म्हणजेच चार्ल्स) राजाने 1357 मध्ये या पुलाचा पाया घातला. दोन्ही कठड्यांवर मिळून तीस मूर्ती आहेत आणि बर्फ पडलं असेल तर प्रत्येकीच्या खांद्यावर शाल घातल्यासारखं दिसतं. खाली व्लतावा नदीवर धुकं, वर किल्ल्यावरचं सेंट व्हिटस चर्च, ज्याचं काम 1344 ला सुरू झालं आणि 1929 ला पुरं झालं. नाताळाआधीच्या आठवड्यांत संध्याकाळी आलात तर पुलावरचे गॅसचे दिवे हाताने लावणारा माणूस दिसतो. लांब काठी, काळा झगा, आणि एकेक दिवा पिवळा होत जातो. मी पूर्ण पूलभर त्याच्या मागे चालत गेलो आहे.

किल्ल्यावर जायला 22 नंबरची ट्राम घ्या आणि उतरताना पायी या. बूट मात्र खाचांच्या तळाचे हवेत, कारण गुळगुळीत दगडांवर पाय टायरपेक्षा लवकर घसरतो. चौकातलं खगोलीय घड्याळ 1410 सालचं, दर तासाला त्यातले प्रेषित फिरतात. थंडी असह्य झाली तर शेजारच्या चर्चमध्ये किंवा कॉफीच्या दुकानात अर्धा तास बसा. रस्ता ओलांडताना लक्षात ठेवा, झेब्रा पट्ट्यांवरही ट्राम थांबत नाही.

पैसे कोरुनात. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं. यंत्राने "युरोत घेऊ की कोरुनात" विचारलं तर नेहमी कोरुना. रस्त्यावर नोटा बदलायला येणाऱ्याशी बोलूच नका. दुकानात बदलल्या आणि भाव वाईट निघाला, तर पावती घेऊन तीन तासांच्या आत व्यवहार रद्द करून मागता येतो.

शाकाहारी असाल तर तळलेलं चीज, बटाट्याचे ब्रांबोराक आणि शेपूचं, मशरूमचं कुलाय्दा सूप बघा, पण रस्सा कशाचा आहे ते विचारा. 'बेझ मासा' म्हणजे मांसाशिवाय. 'स्विच्कोवा' हा गोमांसाचा पदार्थ आहे. ज्यांना चालत नाही त्यांनी नाव लक्षात ठेवावं.

परतताना

पुन्हा उजेडातच निघा. चेकमधून जर्मनीत शिरताना पोलीस गाड्या थांबवून तपासतात, त्यामुळे पासपोर्ट आणि रहिवासी कार्ड मूळ प्रतीत, हाताशी ठेवा. फोनमधला फोटो चालत नाही. हात दाखवला तर काच खाली करा, इंजिन बंद करा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा आणि विचारलं तेवढंच सांगा.

नऊला प्राग सोडलंत तर साडेबाराच्या आसपास रेगेन्सबुर्ग येतं. तिथे थांबा. डॅन्यूबवरचा दगडी पूल 1135 ते 1146 च्या दरम्यान बांधला. त्याचाच नमुना समोर ठेवून प्रागमध्ये जुडिथ पूल उभा राहिला, तो 1342 च्या पुरात वाहून गेला आणि त्याच्या जागी चार्ल्स ब्रिज आला. आदल्या दिवशी ज्या पुलावर उभे होतात त्याचा आजोबा पायाखाली असतो. पुलाच्या टोकाशी शतकानुशतकं चालत आलेलं सॉसेजचं छोटं दुकान आहे. मी तिथे थांबत नाही, पुलाच्या कठड्याशी उभा राहून उरलेल्या दशम्या संपवतो. म्युनिक तिथून सव्वाशे किलोमीटर. दीडपर्यंत निघालात तर दिवे लागायच्या आत घर येतं.